परीक्षकाचा शेरा चारचौघांत लागला, आता काय?

पत्र थोडक्यात असे: पश्चिम विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात, तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका सहायक प्राध्यापिकेने आसपासच्या ४२ विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर पेपर लिहिला. तो 'ओपन रिव्ह्यू' म्हणजे उघड परीक्षण करणाऱ्या एका परदेशी जर्नलला दिला. पेपर आधी ऑनलाइन आला आणि मग दोन परीक्षकांचे अहवाल त्यांच्या नावांसकट त्याच पानावर झळकले. एकाचा शेरा 'अप्रूव्हड विथ रिझर्व्हेशन्स' (काही आक्षेपांसह मान्य), दुसऱ्याचा 'नॉट अप्रूव्हड' (अमान्य). स्टाफरूममध्ये "म्याडमचा पेपर नापास झाला म्हणे" सुरू झाले. बाईंना वाटते की गावच्या कॉलेजचे नाव वाचूनच परीक्षकाने निकाल ठरवला. एक सहकारी म्हणतात, पेपर मागे घ्या, पैसे भरून चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलला द्या, पुढच्या वर्षी कॅसची (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेची) फाइल आहे. त्यातच त्या जर्नलने त्यांना दुसऱ्या एका पेपरचे परीक्षण करायला बोलावले आहे. लेखक त्यांच्याच विद्यापीठातले ज्येष्ठ प्राध्यापक, उद्या बाईंच्या पदोन्नतीच्या समितीवर बसू शकतील असे. परीक्षक म्हणून नाव जाहीर होणार. "मी या ओपन भानगडीत पडायलाच नको होते का?" असे त्या विचारतात. परीक्षकांचे अहवाल त्यांनी पत्रासोबत पाठवले आहेत.

ताई,

पेपर मागे घेण्याचा विषय आधी मिटवू. घाईत तेवढे एक पाऊल चुकले तर बाकीच्या सल्ल्याला अर्थ उरणार नाही. तुमचे जर्नल 'आधी प्रसिद्धी, मग परीक्षण' या पद्धतीचे आहे. पेपर साइटवर चढला त्याच दिवशी तो प्रसिद्ध झाला. त्याला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळाला, कोणीही तो उद्धृत करू शकतो. लेखकाचे मन बदलले म्हणून असा पेपर काढून घेता येत नाही, आणि तोच मजकूर दुसरीकडे दिला तर दुबार प्रकाशनाचा ठपका येतो. चार दिवसांत छापणारे जर्नल याची चौकशी करणार नाही. पण पुढे कोणी दोन्ही पेपर तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, तर तुमचाच पेपर तुमच्यावर उलटेल. त्या वेळी सुचवणारे सहकारी शेजारी उभे नसतील.

आता 'नापास' या शब्दाकडे येऊ. या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एफ१०००रिसर्च. तिथे दोन परीक्षकांनी 'अप्रूव्हड' म्हटले, किंवा एकाने 'अप्रूव्हड' आणि दोघांनी 'अप्रूव्हड विथ रिझर्व्हेशन्स' म्हटले, की पेपर परीक्षणात उत्तीर्ण धरतात आणि स्कोपस, पबमेड सेंट्रल अशा सूचींकडे पाठवतात. तुमच्या जर्नलचा नियम त्याच्या साइटवर नेमका पाहून घ्या, बहुतेक असाच असेल. तो असा असेल तर तुमचा हिशेब साधा आहे. आज तुमच्याकडे एक 'रिझर्व्हेशन्स' आणि एक 'नॉट अप्रूव्हड' आहे. सुधारित आवृत्तीवर पहिले परीक्षक 'अप्रूव्हड'वर आले आणि दुसरे एक पायरी वर सरकले, तर तिसऱ्या परीक्षकाचा 'रिझर्व्हेशन्स'सुद्धा पुरेल. दुसऱ्यांनी मत बदललेच नाही, तरी पहिले आणि तिसरे दोघांनी 'अप्रूव्हड' म्हटले की काम झाले. सुधारित आवृत्ती देताना संपादकांना तिसरा परीक्षक शोधण्याची विनंती आताच करा. परीक्षक मिळायला आठवडे नव्हे, कधी महिने लागतात, आणि तुमची फाइल पुढच्या वर्षी आहे.

जुनी आवृत्ती आणि जुना शेरा मात्र पुसले जाणार नाहीत. सातबाऱ्यावर फेरफार होतो तसेच हे आहे: जुनी नोंद राहते, नवी तिच्यावर चढते, आणि व्यवहार करणारा चालू नोंद पाहतो. स्टाफरूममध्ये ज्याला 'निकाल' म्हणत आहेत ती पहिल्या आवृत्तीवरची नोंद आहे. बंद परीक्षणात हाच अहवाल तुम्हाला ई-मेलने आला असता, तुम्ही गुपचूप दुरुस्ती केली असती आणि कोणाला कळले नसते. जगभरातल्या बहुतेक पेपरांना पहिल्या फेरीत असेच काहीतरी ऐकावे लागते. तुमचे उघड्यावर आले, इतकेच.

ते उघड्यावर येणार हे तुम्हाला आधी कोणी नीट सांगितले नाही, हा खरा घोटाळा आहे आणि तो तुमच्या एकटीचा नाही. 'ओपन रिव्ह्यू' म्हणजे नेमके काय, यावर जाणकारांचेही एकमत नव्हते. २०१७ साली टोनी रॉस-हेलॉअर या संशोधकाने या संज्ञेच्या व्याख्या गोळा केल्या तेव्हा १२२ निघाल्या. म्हणून पेपर पाठवण्याआधी जर्नलच्या पानावर वेगवेगळे शोधावे: परीक्षकाचे नाव उघड होते का, अहवाल उघड होतो का, आणि होत असेल तर निर्णयाआधी की नंतर. तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि तुम्हाला तोच नडला. 'नेचर कम्युनिकेशन्स' २०२२ च्या अखेरीपासून आलेल्या पेपरांचे अहवाल सरसकट छापते, पण स्वीकारलेल्या पेपरांचेच. नाकारलेला पेपर कोणाला दिसत नाही. 'बीएमजे' २०१४ पासून स्वीकृत संशोधनाचा सगळा पूर्वइतिहास देते, परीक्षकांच्या नावांसकट. 'अ‍ॅटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स' २००१ पासून पेपर चर्चेला खुला ठेवते. तिथे अहवाल सर्वांना दिसतो, पण परीक्षकाला नाव झाकून ठेवता येते, आणि शेवटी नाकारला गेलेला पेपरही चर्चेच्या विभागात कायम राहतो. 'ईलाइफ'ने २०२३ पासून परीक्षणानंतर 'स्वीकारले–नाकारले' म्हणणेच सोडले. अहवाल आणि संपादकीय मूल्यमापन छापून मोकळे होतात. त्या बदलाची किंमत म्हणून त्यांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलचे पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा, गेला. पदोन्नतीच्या गणितात तो आकडा धरणाऱ्या आपल्याकडच्या माणसाने हे लक्षात ठेवलेले बरे.

पहिला पेपर असणाऱ्याने, आणि तेही आजूबाजूला हसणारी माणसे असताना, स्वीकृतीनंतर अहवाल छापणारे जर्नल निवडावे, असे आमचे मत आहे. अहवाल उघड असण्याचा फायदा मिळतो आणि पहिल्या फेरीची धूळ घरातच राहते.

"कॉलेजचे नाव पाहूनच ठरवले असेल" या तुमच्या शंकेला हवेत सोडून देता येणार नाही. असे घडते. १९८२ मध्ये पीटर्स आणि सेसी या संशोधकांनी मानसशास्त्राच्या नामवंत विभागांतून आधीच छापून आलेले १२ पेपर बनावट नावे आणि अनोळखी संस्था टाकून त्याच जर्नलांना पुन्हा पाठवले. तीन पकडले गेले. उरलेल्या नवांपैकी आठ नाकारले गेले, बहुतेकदा पद्धतीत गंभीर दोष आहेत असे म्हणून. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात अर्थशास्त्राचा एकच पेपर पाचशेहून अधिक परीक्षकांनी तपासला. लेखक म्हणून नोबेल विजेत्याचे नाव दिसले तेव्हा २२.६ टक्के परीक्षकांनी तो नाकारा म्हटले; नवख्याचे नाव दिसले तेव्हा ६५.४ टक्क्यांनी. ओपन पद्धतीत लेखकाचे नाव झाकलेले नसते, तेव्हा हा धोका तिथेही आहे. ओपन म्हणजे आपोआप न्याय्य, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पण तुमच्या बाबतीत तसे झाले का, हे अहवालावरूनच ठरवता येते, आणि अहवाल हातात आहे हीच या पद्धतीची कमाई. पेन्सिल घ्या. पेपर न वाचताही लिहिता आले असते असे प्रत्येक वाक्य खोडा. दुसऱ्या परीक्षकांची दोन वाक्ये जातात: 'अभ्यासाचे महत्त्व केवळ स्थानिक आहे' आणि 'भाषा मूळ इंग्रजी भाषकाकडून तपासून घ्यावी'. पहिल्याला नम्रपणे, पण स्पष्ट उत्तर द्या की अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातल्या खाऱ्या भूजलाचा हा प्रश्न आहे. दुसऱ्याला 'भाषा तपासली' एवढे पुरे. कोणाकडून, ते सांगायची गरज नाही. उरलेले तीन मुद्दे तुमच्या कॉलेजबद्दल नाहीत, पाण्याबद्दल आहेत. आणि ते बरोबर आहेत.

पहिला मुद्दा असा की नमुने फक्त मे महिन्यातले, आणि निष्कर्ष 'पावसाने पुनर्भरण होऊन क्षार उतरतात' हा. एका ऋतूच्या आकड्यांवरून दोन ऋतूंचे विधान करता येत नाही. पेपरच्या शीर्षकात 'उन्हाळ्यातील' घाला, पुनर्भरणाचे वाक्य निष्कर्षातून काढून 'पुढील अभ्यास' मध्ये टाका. आता धावतपळत ऑक्टोबरचे नमुने घेऊन याच पेपरात कोंबू नका. तो वेगळा पेपर आहे.

दुसरा मुद्दा आयन संतुलनाचा, आणि याच्यावरच त्यांचा 'नॉट अप्रूव्हड' टिकलेला दिसतो. पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांची (विद्युतभारित कणांची) बेरीज सममूल्यात, म्हणजे भाराच्या हिशेबाने, जवळपास सारखी यायला हवी. प्रतिलिटर मिलिग्रॅमचे आकडे असे भागा: सोडियम २३ ने, पोटॅशियम ३९.१, कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२.१५, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८, बायकार्बोनेट ६१, नायट्रेट ६२. दोन्ही बेरजांमधला फरक त्यांच्या एकूण बेरजेने भागून शंभराने गुणा. उत्तर उणे-अधिक ५ टक्क्यांच्या आत आले तर उत्तम, १० च्या बाहेर गेले तर तो नमुना संशयित. इथे बहुतेकांचे पाऊल चुकते ते अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) आणि हार्डनेस (काठिण्य) यांवर. प्रयोगशाळेच्या तक्त्यात ते 'कॅल्शियम कार्बोनेट म्हणून' दिलेले असतील तर ५० ने भागायचे, ६१ किंवा २० ने नाही. एवढ्यानेच अर्धे नमुने जागेवर येतात.

तरीही जमले नाही तर नमुना कसा नेला ते आठवा. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, एसटीत पिशवीतून नेलेल्या बाटलीतला कार्बन डायऑक्साइड उडतो, कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते, आणि कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही खोटे कमी येतात; दोन्ही वेगवेगळ्या वेळी मोजले असतील तर संतुलनही बिघडते. नमुना बर्फाच्या डब्यात ४ अंशांच्या आसपास ठेवून अल्कलिनिटी शक्यतो चोवीस तासांत काढायची असते. आणि एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: सोडियम फ्लेम फोटोमीटरवर मोजले होते, की बाकीच्या आयनांवरून वजाबाकीने काढले? वजाबाकीने काढले असेल तर संतुलन शून्य टक्के येईल आणि त्याला काहीही अर्थ नसेल. जाणकार परीक्षक ते एका नजरेत ओळखतो. तसे असेल तर पेपरात सरळ लिहा, त्या विहिरी संतुलनाच्या तक्त्यातून वगळा किंवा पुन्हा मोजा. खाऱ्या पाण्याच्या अभ्यासात सोडियमच न मोजलेले चालणार नाही.

तिसरा मुद्दा, ४२ विहिरी कशा निवडल्या. 'जिथे परवानगी मिळाली तिथे' हे खरे उत्तर असेल तर तेच द्या. शास्त्रीय दिसावे म्हणून मागाहून 'यादृच्छिक निवड' लिहू नका. नकाशावर रस्त्याच्या कडेने ओळीत आलेल्या विहिरी सगळे सांगून टाकतात.

उत्तर लिहिण्याची रीत बंद परीक्षणासारखीच. परीक्षकाचे प्रत्येक वाक्य उतरवा, खाली तुमचे उत्तर, खाली नव्या आवृत्तीतला ओळ क्रमांक. फरक इतकाच की हे उत्तरही कायमचे सार्वजनिक राहील. म्हणून अहवाल वाचल्या दिवशी उत्तर देऊ नका. 'आदरणीय महोदय, आपल्या बहुमूल्य सूचनांबद्दल शतशः आभार' अशी आरती प्रत्येक मुद्द्याला लावू नका; एकदा आभार पुरे. जिथे परीक्षक चुकले आहेत तिथे कारणासह 'सहमत नाही' लिहा. बंद परीक्षणात असे लिहिताना हात कचरतो, कारण निवाडा करणारा संपादक एकटा असतो. इथे तुमचा युक्तिवाद त्या विषयातला प्रत्येक वाचक पाहणार आहे.

'सगळे पाहतील' ही भीतीही जरा तपासून घ्या. 'नेचर'ने २००६ मध्ये चार महिने उघड परीक्षणाचा प्रयोग केला. परीक्षणाला पाठवलेल्या १३६९ पेपरांपैकी ७१ चे लेखक तयार झाले, आणि त्या ७१ पैकी ३३ पेपरांवर एकाही माणसाने टिप्पणी केली नाही. तुमचा पेपर उघडून अहवालापर्यंत खाली जाणारी माणसे भूजलावर काम करणारी असतील. स्टाफरूममधल्यांनी शेरा वाचला आहे, अहवाल नाही.

सुधारित आवृत्तीबरोबर मूळ आकड्यांचा तक्ताही ठेवावा लागेल. झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन भांडारात तो फुकट ठेवता येतो आणि त्याला स्वतंत्र डीओआय मिळतो. ठेवण्याआधी विहीरमालकांची नावे आणि गट क्रमांक काढा, अक्षांश-रेखांश दशांशाच्या दोन घरांपर्यंतच ठेवा. त्याने जागा सुमारे एक किलोमीटरच्या आत धूसर होते. कोणाच्या शेतातले पाणी जमीन नापीक करणारे आहे हे गूगलवर सापडले तर जमिनीच्या सौद्यात त्याचाच भाव पडेल. आणि ज्यांच्या विहिरी, त्यांना त्यांचे आकडे मराठीत कागदावर दिलेत का? परीक्षक हे विचारोत न विचारोत, नायट्रेट प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅमच्या किंवा फ्लोराइड १.५ च्या वर गेलेल्या घरांना ते आधी कळायला हवे.

कॅसच्या फाइलचे आता पाहू. चार दिवसांचे जर्नल सुचवणारे सहकारी जुन्या जगात आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य जर्नलांच्या यादीतून ४३०५ जर्नले वगळली, नंतर 'केअर' नावाची नवी यादी आणली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद केल्याचे जाहीर केले. जर्नल खरे की खोटे हे पारखायचे काम आता संस्थांवर आले आहे. २०१८ च्या नियमावलीतले शब्द 'पिअर रिव्ह्यूड (तज्ज्ञांनी तपासलेले) किंवा यूजीसी यादीतील' असे आहेत. यादी गेली, तर 'पिअर रिव्ह्यूड' हे दाखवून द्यावे लागेल. बंद परीक्षणवाल्याकडे त्यासाठी जर्नलच्या दाव्याखेरीज फारसे काही नसते. तुमच्याकडे दोन्ही अहवाल, नावे, तारखा आणि तुमची उत्तरे आहेत. पेपर उत्तीर्ण झाल्यावर त्या सगळ्याची छापील प्रत फाइलला जोडा. उत्तीर्ण होण्याआधी मात्र जोडू नका, कारण पानाच्या डोक्यावर दिसणाऱ्या शेऱ्यावर समिती अडकेल. आयक्यूएसी (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षा)च्या समन्वयकांना ही पद्धत आताच समजावून सांगा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी नाही.

पुढच्या पेपरसाठी पैशांचा प्रश्न येईल. डीओएजे या मुक्त जर्नलांच्या ऑनलाइन सूचीच्या शोधात 'शुल्क नाही' ही चाळणी लावता येते, आणि प्रत्येक जर्नलच्या नोंदीत परीक्षणाचा प्रकारही दिलेला असतो. गरीब देशांना मिळणारी सरसकट शुल्कमाफी भारतातल्या लेखकांना बहुधा लागू होत नाही, म्हणून सवलत मागायची तर पेपर पाठवण्याआधी मागा.

राहिले ते परीक्षणाचे निमंत्रण. नकार द्या. यात भित्रेपणा नाही. एकच विद्यापीठ आणि उद्या तुमचा निर्णय त्यांच्या हाती, हा सरळ हितसंबंधांचा प्रश्न आहे. बंद परीक्षण असते तरी नकारच द्यायचा होता. कौतुक केलेत तर खुशामत दिसेल, दोष दाखवलेत तर हिशेब चुकता केल्यासारखे. दोन-तीन दिवसांत कळवा, म्हणजे संपादकांचा वेळ जात नाही: 'लेखक माझ्याच विद्यापीठातील असून माझ्या सेवाविषयक निर्णयात त्यांचा सहभाग असू शकतो, म्हणून हे परीक्षण मला करता येणार नाही.' जमल्यास विदर्भाबाहेरची दोन नावे सुचवा, ज्यांनी त्या लेखकाबरोबर गेल्या तीन वर्षांत पेपर लिहिलेला नाही अशी.

हितसंबंध नसलेल्या पेपरचे निमंत्रण आले तर जरूर घ्या. नावासकट सही करायची की नाही हे मात्र वेगळे ठरवा. 'बीएमजे'ने १९९९ मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात नाव उघड केल्याने अहवालाचा दर्जा सुधारलाही नाही आणि घसरलाही नाही. नकार देणारे परीक्षक तेवढे वाढले. एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या पाच जर्नलांत अहवाल छापायला सुरुवात झाली तेव्हा परीक्षकांनी त्याला फारशी हरकत घेतली नाही, पण स्वतःचे नाव द्यायला ८.१ टक्केच तयार झाले. यावरून आमचे मत असे, की अहवाल उघड असावा, नाव ऐच्छिक असावे, आणि नोकरीत पाय रोवेपर्यंत तरुण शिक्षकाने नाव झाकण्याची मुभा वापरायला लाजू नये. तुमच्या सध्याच्या जर्नलमध्ये ती मुभा नाही, तेव्हा तिथे ओळखीच्या वर्तुळाबाहेरचेच पेपर घ्या.

आणि नाव झाकायचे ठरवले तर नीट झाका. वर्डच्या फाइलमध्ये तुमचे किंवा कॉलेजच्या संगणकाचे नाव दडलेले असते. 'फाइल', मग 'इन्फो', मग 'चेक फॉर इश्यूज'मधले 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून ते काढा. 'माझा अमुक पेपर उद्धृत करावा' असे लिहिलेत तर सहीच केल्यासारखे आहे. प्रसिद्ध न झालेले हस्तलिखित एआयच्या चॅटमध्ये टाकून अहवाल लिहून घेऊ नका. ते गोपनीय असते, आणि बऱ्याच प्रकाशकांनी हे स्पष्ट शब्दांत मना केले आहे.

सुधारित आवृत्ती चढवण्याआधी सोडियमचा तक्ता मात्र एकदा पुन्हा पाहा.

— सल्लागार